सोशिकाचा वाटा

सोशिक हा शब्द आपल्याकडं कौतुकानं वापरतात. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायला गेलेला शेतकरी शिंगं बघतो, खूर बघतो, तोंड उघडून दात मोजतो आणि सगळं झाल्यावर विकणाऱ्याला हळूच विचारतो, "सोशिक हाय न्हवं?" स्थळ घेऊन आलेली बाई मुलीचा रंग, उंची, शिक्षण सांगून झालं की आवाज जरा खाली आणते, "आणि पोरगी लई सोशिक हाय." ऐकणारे माना डोलावतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. पण नीट ऐकलं तर या शब्दाच्या पोटात एक हिशोब असतो. बैल सोशिक आहे, म्हणजे एखाद्या वर्षी वैरण कमी पडली तरी चालेल. पोरगी सोशिक आहे, म्हणजेही तेच.

आमच्या माण मुलखात झाडांनासुद्धा हाच शब्द लावतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आणि तोही वेळेवर येईल असं नाही. सह्याद्रीनं पलीकडंच अडवून घेतलेल्या ढगांचं जे उरतं ते आमचं. त्यामुळं इथं प्रत्येक गोष्टीचं मोल ती पाणी किती कमी पिते यावर ठरतं. बाजरी चांगली, कारण ती तग धरते. हुलगा चांगला, मटकी चांगली, बोर चांगलं, माळावरचा तरवड तर कुणी लावतच नाही तरी पिवळाजर्द फुलतो. आणि घरापुढं लावायचं फूलझाड म्हणाल तर सदाफुली. ती आपल्याच अंगणात जन्मली असावी असं वाटतं, पण मूळची मादागास्कर बेटावरची. समुद्र ओलांडून आली आणि अशी रुळली की आमच्या आज्यांना ती परकी आहे हे सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. वैशाखात गावातलं बाकी सगळं करड्या रंगाचं होतं तेव्हा पडक्या भिंतीच्या कडेला, देवळाच्या दगडी फटीत, उकिरड्याशेजारी हिची पाच पाकळ्यांची जांभळट गुलाबी फुलं हसत असतात. शेळी तिला तोंड लावत नाही. पोरं फुलं तोडतात, तरी दुसऱ्या दिवशी तितकीच येतात.

आमच्या घरापुढं अशी बारा-पंधरा झाडं होती. ती आत्तीची.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. चार वर्षं नांदली, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली पत्र्याची एक पेटी घेऊन माहेरी आली आणि मग गेलीच नाही. दुष्काळात ती खडी फोडायला जायची. महाराष्ट्रभर लाखो माणसं तेव्हा दुष्काळी कामांवर होती, रस्ते आणि पाझर तलाव त्या हातांनी झाले. आत्तीची मजुरी आजोबांच्या हातात जायची. घरात तांबड्या मिलोच्या भाकरी होत्या, त्यातली शेवटची, कडेला फाटलेली, ती खायची. दुष्काळ सरला, पुढं बरी वर्षंही आली, पण शेवटची भाकरी तिचीच राहिली. वर्षाला दोन लुगडी. झोपायला सोप्यात धान्याच्या कणगीशेजारची जागा. आमच्या घरात एक वाक्य होतं, ते मी इतक्या वेळा आणि इतक्या तोंडून ऐकलंय की ते नेमकं कुणाचं हे सांगता येणार नाही. "आत्तीचं काय, तिला काय लागतंय?" हे कुणी दुष्टपणानं म्हणत नव्हतं, उलट त्यात मायाच असायची. दिवाळीच्या बाजाराची यादी करताना, नवीन गाद्या भरताना, चारधामला जाणाऱ्या गाडीतल्या जागा मोजताना ते वाक्य यायचं आणि यादी पुढं सरकायची.

सदाफुलीला काही लागत नाही असंही सगळे म्हणतात. मी आत्तीच्या हाताखाली ती वाढताना बघितलीय, म्हणून सांगते, तिची निगा थोडी असते, पण असते. शेंगा जोडीनं धरतात, बारीक, वाळक्या काडीसारख्या. हिरव्याच्या पिवळसर झाल्या की उकलायच्या आत खुडाव्या लागतात, नाहीतर बी मातीत सांडून जातं. काळं, खसखशीपेक्षा थोडं मोठं बी. ते नुसतं वर टाकून चालत नाही, त्यावर मातीचा पातळ थर द्यावा लागतो, कारण उजेडात ते नीट उगवत नाही. जमीन निचऱ्याची हवी. आमचा मुरूम तिला मानवतो, काळ्या रानात पावसाळ्यात पाणी धरलं की ती बुडापाशी कुजते. ऊन भरपूर लागतं. सावलीत उंच वाढते, पण फुलं रोडावतात. खताचा मारा केला तर पाला माजतो आणि फुलं पुन्हा कमीच. वर्षाकाठी शेणखताची एक ओंजळ बास. दोन-तीन वर्षांत बुडाला लाकूड होतं, खालची पानं झडतात, काठीला झेंडा लावावा तसा वर नुसता तुरा राहतो. तेव्हा रोहिणीच्या सुमाराला वरचा तिसरा हिस्सा छाटायचा. पाऊस पडला की बगलेतून नवे फुटवे येतात. फारच जून झालेली उपटायची आणि तिच्याच बियांची रोपं त्या जागी लावायची. आत्तीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती बघत आली होती.

पाण्याचं तिचं गणित मात्र ऐकण्यासारखं होतं. उन्हाळ्याच्या दुपारी सदाफुलीची पानं कडेनं वळतात, मान टाकल्यासारखी दिसतात. नवखा माणूस घाबरून तांब्याभर पाणी ओततो. आत्ती ओतू द्यायची नाही. ऊन कलल्यावर ती पानं आपोआप सरळ होतात, कारण तेवढा वेळ अंग चोरून घेणं ही तिची रीतच आहे. पण सकाळी, रात्रीचा गारवा मिळूनसुद्धा पानं वळलेलीच दिसली, तर मुळाशी खरंच काही उरलेलं नाही. तेव्हा पाणी द्यायचं, आणि थेंबथेंब शिंपडायचं नाही, बुडाशी चांगलं मुरेल इतकं द्यायचं. आत्ती म्हणायची, "दुपारचं तोंड बघून कुणाचं काय कळत न्हाय. सकाळी उठल्याबरोबर बघावं."

२०१२ साली पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३चा उन्हाळा आला. तालुक्यातली जनावरं छावण्यांत होती. आमच्या वस्तीवर टँकर यायचा, पण नेम नव्हता, चार दिवसांनी म्हणता म्हणता आठ दिवस जायचे. घरटी दोन बॅरल भरून मिळायची. त्या पाण्याची घरात एक उतरंड ठरलेली होती. आधी माणसांना प्यायला. मग घरी ठेवलेल्या एका म्हशीला, कारण तान्ह्याला दूध लागायचं. मग तुळशीला छोटा तांब्या, कारण तो धर्म. भांड्यांचं पाणी परड्यातल्या शेवग्याला. वहिनीनं हौसेनं लावलेला मोगरा होता, त्याला अंघोळीचं. सदाफुली या उतरंडीत नव्हतीच. तिला नको असं कुणी म्हटलं नव्हतं, तिची गणतीच नव्हती.

आत्ती तेव्हा सत्तरीच्या जवळ होती. दर आठ-दहा दिवसांनी सकाळी ती स्वतःच्या वाट्याच्या अंघोळीच्या पाण्यातून दोन तांबे बाजूला ठेवायची आणि ज्या झाडांची पानं वळलेली असतील त्यांच्या बुडाशी ओतायची. त्या दिवशी अंग ओल्या फडक्यानं पुसायची. माझा एक चुलतभाऊ गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत असतो. आमच्या भागातली पुष्कळ घरं सोनं-चांदी गाळायच्या त्या धंद्यापायी देशभर विखुरलीत. तो यात्रेला आलेला होता. त्यानं हे बघितलं.

"आत्ती, आमच्याकडं तिकडं हिला सुडुकाट्टु मल्ली म्हंत्यात. म्हंजी मसणवट्यातली मोगरी. तितं कोन पानी घालतंय? तरीबी फुलती. तू का वततीस?"

आत्ती वाकलेलीच होती. ती म्हणाली, "फुलती म्हनून घालायचं न्हाय व्हय?"

चुलतभाऊ हसला आणि गेला. त्याला तो म्हातारीचा हट्ट वाटला. मला त्या प्रश्नानं इतकी वर्षं सोडलेलं नाही.

कारण चुलतभावाचंही चुकत नव्हतं. दोन झाडं आणि एकच तांब्या असेल, एक पाण्यावाचून मरणार आणि दुसरं जगणार हे नक्की असेल, तर पाणी मरणाऱ्याला द्यावं. यात वाद नाही. आजारी लेकराला आई जवळ घेते, धडधाकट लेकराला म्हणते थांब जरा. ते थांबतं. यात धडधाकटावर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. निकडीच्या वेळी गरज बघूनच वाटप होतं, व्हायला हवं. मोगरा आधी, सदाफुली मागून, हे मला मान्य आहे. अडचण पुढं येते. आजारी लेकरू बरं झालं, तरी थांबलेल्या लेकराची पाळी येते का? बहुतेक घरांत येत नाही. एकदा ते थांबू शकतं हे सिद्ध झालं की तो त्याचा स्वभाव ठरतो, आणि स्वभाव ठरला की तो त्याचा हिस्सा ठरतो. निकडीच्या वर्षी केलेली तजवीज सुकाळात रीत होऊन बसते. बहात्तरची फाटकी भाकरी पंचाहत्तरलाही आत्तीच्याच ताटात होती, तेव्हा घरात दोन पोती ज्वारी शिल्लक असताना.

आमच्या शेजारच्या सांगोला-आटपाडी पट्ट्यात डाळिंबवाले झाडाला ताण देतात. मृग बहार धरायचा तर भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. हलकी जमीन असली तर महिना-दीड महिना, भारी असली तर आणखी. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग भकास दिसते. बाहेरच्याला वाटावं, माणूस निर्दय आहे. पण त्याच्या वहीत तारीख लिहिलेली असते. त्या तारखेला तो छाटणी करतो, बुडं मोकळी करतो, शेणखत भरतो, आणि पहिलं पाणी हळू, बेतानं सोडतो. मग झाड फुलानं लाल होतं. ज्याला ताण तोडायची तारीख ठाऊक नाही, तो बागायतदार नव्हे, त्याची बाग सरपणालाच जाते. झाडाच्या बाबतीत हे आम्हाला पक्कं कळतं. घरातल्या सोशिक माणसाला दिलेल्या ताणाची तारीख मात्र कुणाच्या वहीत नसते.

बैलांचंही तसंच. जोडीतला एक अशक्त असला तर जाणता गडी जुवाची मधली बांधणी दोन बोटं दणकट बैलाकडं सरकवतो, म्हणजे जास्तीची ओढ दणकटावर येते. ज्याच्यात बळ आहे त्यानं जास्त ओढावं, बरोबरच आहे. पण तोच गडी संध्याकाळी त्या दणकटाच्या दावणीत पेंडीची एक मूठ जास्त टाकतो. ती मूठ कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. आणि ती मूठ विसरणारा गडीही मी बघितलाय. त्याचा बैल दोन वर्षांत वशिंडाला खचला, तर म्हणतो कसा, "बैल चांगला व्हता, पर टिकला न्हाय."

आणखी एक युक्तिवाद लोक करतात, तो मला सगळ्यात जास्त खुपतो. सोसल्यानं माणूस घडतो, गुण वाढतो, असा. सदाफुलीचा दाखला देऊन एका शिकलेल्या गृहस्थांनीच तो मला ऐकवला होता. या झाडात अंगचं एक कडू औषध आहे हे आता शाळकरी पोरांनाही माहीत असतं. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे दोघे हिच्या पानांचा अर्क तपासत होते. जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा काढा पितात असं ऐकून पानं त्यांच्याकडं आली होती. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांची वाट निघाली. व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन. ल्युकेमिया झालेल्या कितीतरी लेकरांना व्हिनक्रिस्टिननं जगवलं. औषध पानात इतकं थोडं असतं की एका ग्रॅमसाठी वाळलेला पाला शेकडो किलो लागतो, आणि त्यासाठी तमिळनाडूच्या कोरडवाहू पट्ट्यात हिची शेतीही होते. (जाता जाता सांगते, आमच्या गावातले काही जण साखरेसाठी सकाळी हिची फुलं-पानं चावत असतात. ती विषारी आहेत. ते औषध दवाखान्यात मोजून देतात तेच बरं.) तर त्या गृहस्थांचं म्हणणं असं, की पाण्याचा ताण बसला की या झाडातले काही कडू अंश वाढतात, म्हणजे कष्टानं तिची किंमत वाढते.

वाढत असतील. पण तो कडूपणा झाडानं आपल्यासाठी केलेला नाही. शेळीनं खाऊ नये, किडीनं कुरतडू नये, म्हणून केलेला आहे. जे हाल सोसतं ते स्वतःला वाचवायला कडू होतं. त्या कडूपणाचा आपल्याला उपयोग झाला, ही आपली कमाई. तिच्या तहानेला त्यातून काहीच मिळालं नाही. आत्ती शेवटच्या वर्षांत जिभेला तिखट झाली होती, सुनांना बोलायची, आणि लोक म्हणायचे, दुष्काळ काढलेली बाई, कणखर आहे. ती कणखर होती हे खरंच. पण तिला ते व्हायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही, आणि ती सांगणाऱ्यांतली नव्हती.

आता वाट्याचं सांगते. आजोबा १९९५ साली गेले. अकरा एकर जिरायत, एक विहीर. वारस नोंद झाली, फेरफारात आत्तीचं नाव लागलं, कारण १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिलेला होताच. पुढच्या वर्षी तालुक्याला नेऊन तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. आमच्या मुलखात ही इतकी रुळलेली रीत आहे की सही न करणारी बहीण ही बातमी होते. आत्तीनं अंगठा दिला. येताना तिला एक इरकल घेतलं. ते तिनं कधी नेसलं नाही, पेटीत घडी घालून ठेवलं. जुलूम, धमकी, असलं काही झालं नाही. माझे वडील सज्जन माणूस होते, बहिणीला मरेपर्यंत सांभाळीन असं त्यांनी तिथंच सांगितलं, आणि सांभाळलं. पण मला इथं एक फरक दिसतो. वाटा असता तर आत्ती स्वतःच्या भाकरीवर जगली असती. वाटा सोडल्यावर ती भावाच्या चांगुलपणावर जगली. भाकरी तीच, तशीच भाजलेली. ताटात मात्र ती शेवटीच पडणार, आणि त्याबद्दल बोलायची सोय नाही, कारण जे मिळतंय ते देणाऱ्याची मर्जी आहे.

म्हणून वाटा आणि गरज या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. गरज कमी-जास्त होते, दुष्काळात एक, सुकाळात एक. वाटा माणसानं मागावा लागत नाही, तो असतो. लेकरू रडल्याबिगर आई पाजत नाही अशी म्हण आहे आपल्यात. ती आईबद्दल आहे की रडण्याबद्दल, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण न रडणारं लेकरू उपाशी राहावं असा काही तिचा अर्थ नाही.

याची दुसरी बाजूही मी बघितलीय, आणि ती इतकी साधी नाही. आत्ती २०१७ साली गेली. पुढं माणच्या काही गावांपर्यंत उरमोडीचं पाणी पोचलं, आमची विहीरही बरी झाली. धाकट्या भावानं नवं घर बांधलं, पुढं बाग केली आणि आत्तीची आठवण म्हणून सदाफुलीला ठिबक जोडलं. रोज सकाळी पाणी. त्याचा हेतू मला चांगला ठाऊक आहे. त्यानं आत्तीच्या मांडीवर दिवस काढलेत. पण पावसाळा संपायच्या आत झाडं पिवळी पडली, बुडाला काळी झाली आणि एकेक करून आडवी झाली. उपटून बघितलं तर मुळं कुजून गेलेली. तो खचला. म्हणाला, "हिला तर पाणी दिलेलं सोसत न्हाय."

बरेच लोक इथं येऊन थांबतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. बघा, कमीच बरं. मी वहिनीला म्हटलं, तिला पाणी सोसत नाही असं नाही, रोजचं सोसत नाही. ज्यानं जन्मभर कमीवर काढलं त्याला एकदम भरभरून दिलं तर ते त्याच्या कामाचं नसतं, देणाऱ्याच्या मनाची टोचणी तेवढी कमी होते. शहरात नोकरीला लागलेली मुलं म्हाताऱ्या आईला सोफ्यावर बसवतात, जमिनीवर बसू देत नाहीत, भांडं घासू देत नाहीत, आणि ती वर्षभरात वाळून जाते. किती द्यायचं हे झाडाकडून कळतं. ते दुपारी कळत नाही. सकाळी उठून वाकून बघावं लागतं, माती बोटभर उकरून बघावी लागते, आणि कधीकधी बघून काहीच न देता परत यावं लागतं. आत्ती अशी पुष्कळदा परत यायची. पण बघायला जायची राहिली नाही.

मी हे सगळं इतकं का घोळवते आहे, याचं कारण गेल्या भाऊबीजेचं आहे. वडील जाऊन दोन वर्षं झाली. सातबाऱ्यावर आईचं, दोन भावांचं आणि माझं नाव लागलंय. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे हे आता तलाठ्यापासून सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच हक्कसोडीची घाईही वाढलीय. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि थोरल्या भावानं विषय काढला. तो वाईट माणूस नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांना रात्रीअपरात्री गाडी घेऊन आलेला आहे. तो म्हणाला, "ताई, तुला काय कमी हाय? पेन्शन हाय, साताऱ्यात घर हाय, पोरगं मिळवतंय. तू कधी येऊन रान करणार हाईस का?"

त्याचं म्हणणं खरं आहे. मला जमीन लागत नाही. जमिनीवाचून माझं काही अडत नाही आणि तिच्यावाचून दोघा भावांचं अडतं, धाकट्याचं तर जास्तच. गरजेच्या न्यायानं बघितलं तर मी सही करावी. पण त्यानं विचारलं, "तुला काय कमी हाय", आणि मला त्या वाक्याचा आवाज ओळखीचा वाटला. यादी करताना यायचं तेच वाक्य. आज ते माझ्याबद्दल आहे आणि मी सुखात आहे, म्हणून ते ऐकून घ्यायला सोपं जातं. माझी धाकटी चुलत बहीण नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन शिवणकाम करते. तिच्या घरी हे वाक्य याच शब्दांत बोललं गेलंय, की तिला काय, मशीन आहे, भागवते की. ज्या सवयीनं मला विचारतात, त्याच सवयीनं तिलाही विचारतात. सुखवस्तू बहिणी पटापट सह्या करतात, आणि अडलेल्या बहिणींना मग नाही म्हणायला तोंड राहत नाही. माझी सही माझ्यापुरती नसणार.

उद्या सगळी जमीन मी धाकट्याला देईनसुद्धा. बहुधा देईन. पण आधी ती माझी म्हणून मोजली गेली पाहिजे, नकाशावर रेघ पडली पाहिजे, आणि मग मी माझ्या हातानं द्यावी. देणं आणि न मोजलं जाणं यात मला फरक दिसतो. हे मी थोरल्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत बसला. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाला, "म्हंजी सही करनार न्हाईस."

"आत्ता न्हाय."

"मग पायजे तरी किती तुला?"

"ते ठरवलं न्हाय अजून. आधी मोजणी तर होऊ दे."

मोजणीचा अर्ज दिलाय. पैसे भरलेत, तारीख मृगाच्या अलीकडची मिळालीय. मोजणीदार येतील तेव्हा बांधावर हजर राहावं लागतं, म्हणून त्या आठवड्यात गावीच जाणार आहे. धाकट्यानं ठिबक काढून टाकलंय आणि भिंतीकडेच्या मुरमात सदाफुलीची चार रोपं आपोआप उगवून आलीत, असं वहिनी फोनवर म्हणाली. जुन्यांचं बी सांडलेलं असणार. किती उंच झालीत विचारलं, तर म्हणाली वीतभर. छाटायची आत्ता गरज नाही.